वेंटवर्थ वुडहाउसची पागा: घोडे गेले, वास्तू राहिली

इंग्लंडमधील जुन्या सरदार घराण्यांच्या ग्रामीण प्रासादांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्यांच्या आवारातील पागांकडे तुलनेने कमी लक्ष जाते. वास्तविक मोटारगाडी येण्यापूर्वी घोडा हेच प्रवासाचे, शिकारीचे आणि प्रतिष्ठेचे साधन होते. त्यामुळे पागा ही केवळ जनावरे बांधण्याची जागा नव्हती, तर मालकाच्या वैभवाचे ते प्रवेशद्वार असे. दक्षिण यॉर्कशायरमध्ये, रॉदरहॅम शहराजवळ असलेली वेंटवर्थ वुडहाउसची पागा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

राजकारण आणि शर्यती

ही पागा रॉकिंगहॅमचे दुसरे मार्क्विस चार्ल्स वॉटसन-वेंटवर्थ यांनी उभारली. ते १७६५-६६ मध्ये आणि पुन्हा १७८२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान होते. पुढे वॉरन हेस्टिंग्जविरुद्धच्या महाभियोगामुळे भारतीय इतिहासात परिचित झालेले एडमंड बर्क हे त्यांचेच खासगी सचिव. राजकारणाइतकाच रॉकिंगहॅम यांना घोड्यांच्या शर्यतींचा षोक होता. डॉन्कास्टर येथे १७७६ मध्ये प्रथम धावलेली आणि आजही प्रतिष्ठेची मानली जाणारी 'सेंट लेजर' शर्यत पहिल्याच वर्षी त्यांच्या घोडीने जिंकली.

त्यांचा 'व्हिसलजॅकेट' हा घोडा तर चित्रामुळे अमर झाला. जॉर्ज स्टब्स यांनी १७६२च्या सुमारास त्याचे जवळजवळ तीन मीटर उंचीचे तैलचित्र रंगविले. पार्श्वभूमीवर ना झाड, ना स्वार. केवळ उधळलेला घोडा. लंडनच्या नॅशनल गॅलरीने १९९७ मध्ये हे चित्र १ कोटी १० लाख पौंडांना विकत घेतले.

घोड्यांसाठी राजवाडा

नव्या पागेचे काम १७६०च्या दशकात सुरू झाले. वास्तुविशारद होते यॉर्कचे जॉन कार. यॉर्कच्या शर्यतीच्या मैदानावरील प्रेक्षागृहही त्यांनीच बांधले होते. मध्यभागी प्रशस्त चौक, त्याभोवती चारही बाजूंनी दगडी इमारत, भव्य कमान आणि माथ्यावर घड्याळाचा मनोरा अशी या पागेची रचना आहे. येथे ८४ घोड्यांची सोय होती. जोडीला घोडे फिरवण्यासाठी आणि शिकवण्यासाठी छप्पर असलेली स्वतंत्र शाळाही होती.

अशा पागेला स्वतःचा संसार असे. घोड्यांची ठाणी, बग्ग्या ठेवण्याच्या जागा, खोगीर आणि लगाम यांच्या खोल्या, दाणावैरणीची कोठारे आणि मोतद्दारांची निवासस्थाने या सर्वांची मांडणी विचारपूर्वक करावी लागे. हवा खेळती हवी, फरसबंदीवरून पाण्याचा निचरा व्हायला हवा आणि आगीची भीती कमीत कमी असावी, हे तिचे मुख्य सूत्र असे.

कोळशाने दिले, कोळशानेच नेले

हे वैभव पुढे वारसाहक्काने फिट्झविल्यम घराण्याकडे गेले. त्यांच्या श्रीमंतीचा मोठा आधार परिसरातील कोळसा खाणी होत्या. त्याच कोळशाने प्रासादावर संकट आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर इंधनटंचाई असताना, १९४६ मध्ये इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांच्या आदेशावरून उघड्या खाणकामासाठी प्रासादालगतची बागही खोदण्यात आली. विशेष म्हणजे यॉर्कशायरच्या खाण कामगारांच्या संघटनेनेही या निर्णयाला विरोध केला होता.

त्यानंतर प्रासाद भाड्याने देण्यात आला आणि तेथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका घडविणारे लेडी मेबेल महाविद्यालय सुरू झाले. पागेतील जागाही शिक्षणाच्या कामी आल्या. १९७९ मध्ये महाविद्यालय शेफील्डच्या तंत्रशिक्षण संस्थेत विलीन झाले. देखभालीचा खर्च न पेलल्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिनेही जागा सोडली. मग मालक बदलत गेले, छपरे गळत राहिली.

पुढे काय?

ब्रिटिश सरकारने २०१६ मध्ये तातडीच्या दुरुस्तीसाठी ७६ लाख पौंडांचे अनुदान जाहीर केले. २०१७ मध्ये एका जतन न्यासाने ही मालमत्ता ७० लाख पौंडांना विकत घेतली. म्हणजे खरेदीच्या किमतीपेक्षा केवळ तातडीच्या डागडुजीसाठीचे अनुदानच अधिक होते! पागेला नवा उपयोग मिळवून देणे हा न्यासाच्या योजनेचा भाग आहे.

याबाबत वाट दाखविणारी उदाहरणे आहेत. डर्बीशायरमधील चॅट्सवर्थ येथे जेम्स पेन यांनी बांधलेल्या पागेत आता उपाहारगृह आणि दुकाने चालतात. घोड्यांच्या ठाणाशेजारी चहाचे टेबल मांडणे काहींना रुचत नाही. परंतु वापरात नसलेल्या इमारतीचे छप्पर कोणी शाकारत नाही, हाही अनुभव आहे. ८४ घोड्यांसाठी बांधलेली ही दगडी वास्तू टिकायची असेल, तर तिला रोज माणसांची ये-जा हवी.