व्हिक्टोरिया, तोमास लुईस दे
(सु. १५४८–ऑगस्ट १६११). प्रबोधनकालातील अग्रगण्य स्पॅनिश संगीतरचनाकार. जन्म स्पेनमधील आव्हिला प्रांतात. वडिलांचे निधन १५५७ मध्ये झाले. आव्हिलाच्या कॅथीड्रलमधील बालगायकवृंदात त्याचे आरंभीचे संगीतशिक्षण झाले. सु. १५६५ मध्ये तो रोमला जेझुइटांच्या जर्मन विद्यालयात दाखल झाला. पुढे तेथेच त्याने संगीताचे अध्यापनही केले. १५७५ मध्ये त्याने धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली.

तत्कालीन बहुतेक रचनाकार लौकिक प्रेमगीतेही रचीत. व्हिक्टोरियाने मात्र केवळ लॅटिन धर्मसंगीतच निर्मिले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर (१५४५–६३) अनेक स्वरावलींच्या गुंफणीत धर्मवचने हरवू नयेत, असा आग्रह वाढला होता. व्हिक्टोरियाने हे बंधन अभिव्यक्तीचे साधन बनविले. ख्रिस्तजन्मावरील ‘ओ माग्नुम मिस्तेरिउम’ (१५७२) या चार आवाजांच्या रचनेत एकेक आवाज संथपणे प्रवेश करतो. मेरीला उद्देशून असलेल्या शब्दांवर सर्व आवाज एकत्र येतात आणि अखेरचा जयघोष त्रिमात्रिक लयीत उसळतो. शब्दार्थानुसार पोत बदलण्याचे हे कौशल्य त्याच्या शैलीचे मर्म होय. पालेस्त्रीना या इटालियन रचनाकाराच्या शैलीशी त्याचे निकटचे नाते आहे. परंतु व्हिक्टोरियाची भावाभिव्यक्ती अधिक उत्कट आहे.

पवित्र सप्ताहाच्या उपासनेसाठी रचलेल्या संगीतामुळे (१५८५) शोकगंभीर रचनाकार म्हणून त्याची ख्याती झाली. ही प्रतिमा अपुरी आहे. १६०० च्या संग्रहात अनेक गायकवृंदांसाठी, ऑर्गनच्या साथीसह केलेल्या भव्य रचना आहेत. त्यांतील ‘मिसा प्रो व्हिक्टोरिया’ ही नऊ आवाजांची रचना तर झानकँ या फ्रेंच रचनाकाराच्या युद्धगीतावर आधारलेली असून ती उल्हासपूर्ण आहे.

१५८३ मधील मास-संग्रह दुसऱ्या फिलिप राजाला अर्पण करताना त्याने मायदेशी परतण्याची इच्छा व्यक्त केली होती. ती १५८७ मध्ये सफल झाली. राजाची बहीण, विधवा सम्राज्ञी मारिया, हिचा खाजगी धर्मगुरू म्हणून तो माद्रिदच्या देस्काल्सास रेआलेस मठात राहिला. ती १६०३ मध्ये निवर्तली. त्यानंतर त्याने मृतांच्या उपासनाविधीचे सहा आवाजांचे संगीत प्रसिद्ध केले (१६०५). त्यात दुसऱ्या सोप्रानोत पारंपरिक धर्मगान बव्हंशी दीर्घ स्वरांत चालते आणि त्याभोवती इतर आवाज गुंफले जातात. ही त्याची अखेरची प्रकाशित कृती. नंतर मठाचा ऑर्गनवादक म्हणूनच तो राहिला. माद्रिद येथे त्याचे निधन झाले.

फेलीपे पेद्रेल याने त्याची समग्र रचना आठ खंडांत संपादित केली (१९०२–१३) व त्यामुळे आधुनिक गायकवृंदांना ती सुलभ झाली.