अर्लीज ऑफ विटनी

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशर परगण्यातील विटनी या गावचा, अर्ली घराण्याने उभारलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवलेला लोकरी ब्लँकेटांचा कारखाना. 1669 साली टॉमस अर्ली विणकामाच्या उमेदवारीला लागला. कंपनी आपले वय तेव्हापासून मोजत असे.

विटनीला कॉट्सवोल्डच्या टेकड्यांवरची लोकर मिळे आणि विंडरश नदीचे पाणी. मागावरून उतरलेले कापड विरळ असे. ते ओले करून पाणचक्कीच्या लाकडी हातोड्यांखाली कुटत, म्हणजे लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून कापड आटे आणि दाट होई. मग उघड्या मैदानात लांबच लांब चौकटींच्या आकड्यांना ते ताणून वाळवायचे आणि काटेरी बोंडांनी घासून त्यावर लव काढायची. विटनीच्या ब्लँकेटची ऊब या कुटण्या-घासण्यातून आलेली असे.

गावच्या विणकर संघाला 1711 मध्ये अ‍ॅन राणीची सनद मिळाली. 1721 मध्ये बांधलेल्या ‘ब्लँकेट हॉल’मध्ये माल तोलून-मापून मगच विक्रीला जाई. यंत्रयुगात लहान विणकर मागे पडले, 1847 मध्ये संघही विसर्जित झाला. अर्लींनी मात्र यंत्रमाग आणले, वाफेचे इंजिन आणले. कॅनडातील हडसन्स बे कंपनीसाठी त्यांनी विणलेली पट्ट्यांची ब्लँकेटे दूरवर गाजली. त्यांच्या कडेला विणलेल्या आखूड रेघा म्हणजे बीव्हरच्या किती कातड्यांना हे ब्लँकेट मिळते त्याची खूण, असा समज आजही आढळतो. प्रत्यक्षात त्या आकार दाखवत.

1906 च्या जूनमध्ये कारखान्याने पैज लावल्यासारखे एक काम करून दाखवले. सकाळी मेंढ्या भादरल्या, त्याच लोकरीची ब्लँकेटे 10 तास 27 मिनिटांत तयार झाली. 1969 मध्ये त्रिशताब्दीच्या वर्षी हाच विक्रम 8 तास 11 मिनिटांवर आला.

तोवर धंद्याची हवा पालटू लागली होती. 1960 मध्ये अर्ली आणि गावातीलच मॅरियट या कंपन्या एक झाल्या. मागाला फाटा देऊन सुयांनी तंतू गुंतवणारे अमेरिकी तंत्रही त्यांनी घेतले. तेव्हा कारखाना जुनाट राहिला म्हणून बुडाला, हे म्हणणे अन्यायाचे होईल. बदलली ती झोपण्याची रीत. घरोघरी मध्यवर्ती उष्णता आली, 1970 नंतर पलंगावर दुलई आली, आणि एकावर एक तीन ब्लँकेटे पांघरण्याची गरजच सरली. 2002 मध्ये विटनी मिल बंद पडली आणि पुढे त्या जागेवर घरे उभी राहिली.