घरगुती रेडिओ आणि पोलिसांचे बिनतारी संदेश : अमेरिकेतील अनुभव (१९२० ते १९४०)

पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेचा इतिहास बहुधा गुन्हेतपासाच्या अंगाने लिहिला जातो. ते संदेश ज्यांच्यासाठी नव्हते, त्या श्रोत्यांचा विचार त्यात क्वचितच आढळतो.

डेट्रॉइट पोलिसांच्या केओपी या केंद्राला १९२०च्या दशकात परवाना मिळाला तो करमणुकीचे केंद्र म्हणून. साहजिकच चोरीस गेलेल्या मोटारींची वर्णने आणि संगीत एकाच केंद्रावरून ऐकू येई. पोलीस आयुक्त विल्यम रटलेज यांना ही अट जाचक वाटे, आणि ते योग्यच होते. ७ एप्रिल १९२८ रोजी तेथे गस्ती मोटारींसाठी एकमार्गी यंत्रणा सुरू झाली. मोटारीतील शिपायाला फक्त ऐकता येई. उत्तर देण्यासाठी त्याला दूरध्वनी गाठावा लागे.

पुढे पोलिसांना प्रसारणपट्ट्याच्या लगत, १५०० किलोसायकलच्या वरच्या कंप्रता मिळाल्या. परंतु घरगुती यंत्रांना ही सीमा काटेकोरपणे पाळता येत नव्हती. सुपरहेटरोडाइन पद्धतीच्या यंत्रात येणारा संकेत एका ठरावीक आंतरिक कंप्रतेवर उतरवला जातो. त्या काळी ही कंप्रता पुष्कळदा १७५ किलोसायकल असे. अशा यंत्राचा काटा १३६२वर असला, तर त्याच्या दुपटीने, म्हणजे ३५०ने, वर असलेला १७१२वरील पोलिसांचा संकेतही आत शिरू शके. गाणे ऐकणाऱ्या कुटुंबाच्या कानी दरोड्याचा पत्ता पडे तो असा. त्यात हेरगिरी नव्हती, सदोष गाळणी होती. उत्पादकांनी मात्र या दोषातले आकर्षण ओळखले आणि तबकडीवर ‘पोलीस’ हा शब्दच छापला!

कायद्याची भूमिका येथे लक्षणीय आहे. अमेरिकेच्या १९३४च्या दळणवळण कायद्यातील कलम ६०५चा भर ऐकलेला संदेश उघड करण्यावर व त्याचा स्वतःच्या लाभासाठी वापर करण्यावर होता. याउलट ब्रिटिश हिंदुस्थानातील १९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने विनापरवाना यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरवला. एकीकडे श्रोत्याच्या वर्तनावर बंधन, तर दुसरीकडे त्याच्या श्रोता होण्यावरच. वसाहतीच्या राज्यकर्त्यांना प्रजेच्या कानांचीही धास्ती होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९४०मध्ये कनेक्टिकट राज्य पोलिसांनी डॅनियल नोबल यांच्या आराखड्यानुसार कंप्रता-विरूपणावर आधारित द्विमार्गी यंत्रणा स्वीकारली. जुन्या घरगुती यंत्रांना ती ऐकू येत नव्हती; पण तिच्यातील संदेश सांकेतिक नव्हते. योग्य यंत्र हाती असलेल्या कोणालाही ते पूर्वीइतकेच स्पष्ट ऐकता येत होते.