पहाटे तीनचा गजर

काकांकडे मुक्कामाला गेलात आणि पहाटे तीनला गजर वाजला, तर दचकू नका. काका लघवीला उठतात. कर्करोगामुळे त्यांचं मूत्राशय काढलं आणि त्यांच्याच लहान आतड्याच्या तुकड्याचं नवं शिवलं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण पहिलं वर्षभर ते ओल्या चादरी गुपचूप धुवायचे, हे काकूलाही उशिरा कळलं. "बाकीच्यांना जमत असेल, माझंच काहीतरी चुकतंय," असं त्यांना वाटायचं. त्यांना विचारूनच हे लिहितोय.

खरंच चुकत होतं का, म्हणून वाचायला बसलो आणि थेट १८५२ सालात पोचलो. लंडनच्या जॉन सायमन यांनी मूत्राशय जन्मतः उघडं राहिलेल्या एका मुलाची लघवी गुदाशयात वळवली. मुलगा वर्षभराने दगावला, पण कल्पना टिकली. या वाटेने जंतू मूत्रपिंडांपर्यंत चढायचे, रक्तातलं आम्ल वाढायचं. १९५० मध्ये अमेरिकेत यूजीन ब्रिकर यांनी आतड्याच्या तुकड्यातून लघवी पोटावरच्या छिद्रावाटे पिशवीत सोडण्याची पद्धत मांडली. ती भरवशाची, आजही चालते. पण पिशवी जन्माची.

फ्रान्सच्या मॉरिस कामे यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी आतड्याचा तुकडा थेट मूत्रमार्गाला जोडायला सुरुवात केली. पिशवी गेली! पण आतडं ते आतडंच. पुढे ढकलायची सवय जाते कुठे? भरलं की आवळायचं आणि लघवी गळायची, विशेषतः रात्री.

मग युक्ती निघाली. आतड्याची नळी उभी चिरायची, पट्टी करायची आणि दुमडून गोल शिवायची. त्यामुळे आवळण्याच्या लाटा एकमेकींना मोडतात, आतला दाब कमी राहतो आणि मावतंही जास्त. स्वीडनच्या निल्स कॉक यांनी अशी शिवलेली पिशवी १९८२ मध्ये मांडली; तिचं तोंड मात्र पोटावरच होतं. जर्मनीत हाउटमान आणि स्वित्झर्लंडमध्ये श्टूडर यांनी १९८० च्या दशकात अशा पिशव्या मूत्रमार्गाला जोडल्या. काकांची त्याच घराण्यातली.

पण शिवून जागा मिळते, जाणीव मिळत नाही. आपलं मूत्राशय भरत आलं की मेंदूला निरोप जातो आणि झोपेतही खालची झडप आपोआप घट्ट होते. नव्या पिशवीकडे तो निरोपच नाही. त्यात आतड्याचं अस्तर दाट लघवीत पाणी सोडतं, म्हणजे रात्री ती आणखी भरते. दिवसा बहुतेकांना कोरडं राहता येतं. रात्र अवघड जाते. काही जणांचं, बायकांमध्ये जास्त, उलटंच होतं: पिशवी पुरती रिकामीच होत नाही आणि स्वतः नळी घालावी लागते.

म्हणून घड्याळ बघून जायचं. बसायचं, खालचे स्नायू सैल सोडायचे, पोटाने जोर द्यायचा. साठीच्या पुढे हे नव्याने शिकायचं!

हे सगळं काकांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझं चुकत नव्हतं तर."

नव्हतं, काका. हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, एवढंच.