फोडींचे माप, साखरेचे वजन



कैऱ्यांचे दिवस आले की आईच्या, सासूबाईंच्या वह्या कपाटातून बाहेर निघतात. ‘फोडी दोन शेर, साखर दोन शेर’ असे साखरांब्याचे प्रमाण त्यांत असते. सुना विचारतात, म्हणजे किती ग्रॅम? उत्तर सोपे नाही, कारण आपल्याकडे शेर दोन होते.

एक वजनी शेर, ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचा निम्मा अच्छेर, चौथा हिस्सा पावशेर, आठवा नवटाक. दुसरा मापी शेर. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. साधारणपणे धान्य मापायचे, गूळ तोलायचा आणि फळे मोजायची. ठाण्या-डोंबिवलीत आजही हापूस डझनाने मिळतो, कैरी मात्र किलोने आणि करवंदे वाट्याने.

ही वाटणी फार जुनी आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात आपल्या महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्याच्या आरंभीच धान्याची मापे वेगळी आणि सोन्या-चांदीची वजने वेगळी सांगितली आहेत. फळांचे त्यातले एक उदाहरण नगांचे आहे: ९ महाळुंगे व ७ कवठे यांची किंमत १०७, तर ७ महाळुंगे व ९ कवठे यांची १०१. एकेका फळाची किंमत काय? (महाळुंग ८, कवठ ५. मुलांना घालून बघा!) हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने प्रसिद्ध केला.

त्याच सुमारास आपल्या स्वयंपाकघरातून शेर निघून चालला होता. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे ठरली, ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि एप्रिल १९६२ पासून वजनांसाठी सक्तीची झाली. वजनी शेराच्या जागी किलो बसला. मापी शेराची आठवण मात्र पुसट झाली, आणि वहीतला प्रत्येक शेर किलो म्हणून वाचला जाऊ लागला.

यात बिघडते काय? माझ्या २०० मिलीच्या वाटीत साखर सुमारे १६५ ग्रॅम बसते, कैरीच्या फोडी सुमारे १३५ ग्रॅमच, कारण फोडींमध्ये पोकळी राहते. फोडी मोठ्या केल्या किंवा वाटी दाबून भरली की आकडा बदलतो. म्हणजे मापाने समसमान घेतले, तर १ किलो फोडींना साखर सव्वा किलोच्या जवळ जाते. तेच किलोला किलो केले तर दोनशे ग्रॅमहून अधिक साखर कमी पडते. साखर कमी पडली की पाक टिकत नाही, साखरांबा आंबतो. आपल्यासाठी तो चलितरस, म्हणून अभक्ष्य. टाकायचा म्हटले तरी त्यातल्या जीवांचा प्रश्न उरतोच.

म्हणून वही नीट वाचा. त्याच कृतीत चिपटे-मापटे असेल, तर शेर बहुधा मापी. पावशेर-नवटाक असेल, तर बहुधा वजनी. मापी असेल तर तुमच्या नेहमीच्या वाटीने, नेहमीच्या आकाराच्या फोडी एकदा भरून तोला, साखरही तोला, आणि ते ग्रॅम त्याच ओळीशेजारी लिहून ठेवा. जुना शब्द मात्र खोडू नका. घरातल्या वडीलधाऱ्या बायका आहेत तोवर, त्यांचा शेर कोणता होता, हेही विचारून घ्या.