खुराकाचा हिशेब

गेल्या महिन्यात माझा भाचा एक कोरा कागद घेऊन घरी आला. तो अकरावीत आहे आणि सुप्याजवळच्या एका तालमीत राहतो. इथल्या एमआयडीसीत कामगार पुरवणाऱ्या एका ठेकेदारानं त्याचा वर्षाचा खुराक द्यायचं कबूल केलं होतं. बदल्यात काय, तर आसपासच्या गावांत जत्रेचे हगामे होतील तेव्हा फ्लेक्सवर याचा लंगोटातला फोटो आणि खाली ठेकेदाराच्या फर्मचं नाव. "मामू, तुमचं मराठी चांगलं आहे, आभाराचं पत्र लिहून द्या," असं त्याचं म्हणणं.

पत्र लिहायला कितीसा वेळ लागतो? पण त्यानं पुढचं सांगितलं आणि माझा हात थांबला. त्यांच्या वस्तादांचा एक जुना नियम आहे. तालमीत वीस पोरं, एकविसावं नाही. गावाच्या वर्गणीतून आणि दोन-तीन दूधवाल्यांच्या मेहेरबानीतून वीस जणांचं दूध, तूप, बदाम निघतात, म्हणून वीस. ठेकेदाराची बातमी कळल्यावर वस्ताद म्हणाले, "तुझा खुराक बाहेरून आला, म्हणजे तुझा वाटा मोकळा झाला. दारात एक पोरगं सहा महिन्यांपासून उभं आहे, त्याला घेतो."

भाच्याचा चेहरा उतरला होता. "मामू, पुढच्या वर्षी ठेकेदारानं हात काढला, तर मी विसातला की एकविसावा?"

मला त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. पण हा प्रश्न नवा नाही एवढं मला ठाऊक होतं. तो आपल्याकडं शंभर वर्षांपासून आहे, आणि गेली चार-पाच वर्षं अमेरिकेतली मोठमोठी विद्यापीठं त्याच प्रश्नाशी झुंजत आहेत.

सुरुवात आपल्याकडूनच करू. कुस्तीचं नाव निघालं की राजर्षी शाहू महाराजांचं नाव निघतं, आणि बहुतेक वेळा गोष्ट खासबाग मैदानाशी येऊन थांबते. १९०२ साली महाराज विलायतेला गेले, रोमचं जुनं वर्तुळाकार रंगस्थळ त्यांच्या मनात भरलं आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग उभं राहिलं. पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या पंजाबच्या मल्लांत झाली. हे सगळं खरं आहे. पण मैदान हा कुस्तीचा शेवटचा दिवस असतो. त्याआधीचे हजार दिवस तालमीत जातात, आणि त्या हजार दिवसांचं दूध कोण देतो यावर मैदानात कोण उतरणार हे ठरतं. शाहू महाराजांचं मोठेपण मला तिथं जास्त दिसतं. त्यांच्या दरबारानं मल्लांचा खुराक उचलला, तालमींना आधार दिला, बाहेरच्या प्रांतांतले पहिलवान पदरी ठेवले.

आता याच काळातली त्यांची दुसरी कामं शेजारी ठेवून पाहा. १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगं निघाली. १९०२ साली २६ जुलैला मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला. १९०६ मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि महाराजांनी तिचं अध्यक्षपद स्वतःकडं घेतलं. शाळेचं दार उघडलं म्हणजे पोरगं शिकलं असं होत नाही, त्याला राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. बोर्डिंग आणि तालीम या माझ्या दृष्टीनं एकाच विचाराच्या दोन खोल्या आहेत. जागा आणि जेवण एकत्र दिलं तरच ती जागा खरी.

राजाश्रयाचा एक दोष मात्र होता. तो राजाबरोबर असतो. १९२२ मध्ये महाराज गेले, पुढं संस्थानंही गेली. त्या बदलाच्या काळात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात कराडजवळच्या गोळेश्वरचा एक विद्यार्थी शिकत होता, खाशाबा दादासाहेब जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला त्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. खाशाबा तिथं सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा संस्थान विलीन झालेलं होतं आणि सरकारकडून पुरेसा पैसा मिळत नव्हता. गावानं वर्गणी काढली, ओळखीच्यांनी हातभार लावला, आणि कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबानं कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडावं लागलं.

गोष्ट बहुधा इथंच संपवली जाते. मला मात्र तिचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. परत आल्यावर खाशाबानं कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्याच्या मिळकतीतून प्राचार्यांचं गहाण घर सोडवलं. म्हणजे पदकानं आलेलं नाव त्यानं पैशात बदललं, आणि तो पैसा ज्यानं आधी खर्च केला त्याच्याकडं परत गेला. आज ज्याला आपण जाहिरातीची कमाई म्हणतो, तिचा हा साधा घरगुती अवतार. कमाई पदकानंतर आली आणि गरज मात्र पदकाआधी होती, हा त्यातला पेच. मधल्या काळाचा पूल एका प्राचार्याच्या घरावर उभा होता.

नावाच्या जोरावर पैसा कमावणं त्या काळी पश्चिमेत तर गुन्ह्यासारखं होतं. अमेरिकेचा जिम थॉर्प कॉलेजचं फुटबॉल गाजवणारा गडी. त्यानं १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. आधी कधीतरी सुट्टीत थोड्या पैशांवर तो बेसबॉल खेळला होता, एवढ्या कारणावरून ती काढून घेतली. १९५३ मध्ये तो वारला आणि पदकांचा निर्णय फिरला १९८२ मध्ये. खेळाडूनं हौसेखातर खेळावं, पैशाला शिवू नये, हा नियम ऐकायला सुंदर आहे. पण ज्याच्या घरी दूध आहे त्यालाच तो परवडतो.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलनं हा नियम फार उशिरापर्यंत जपला. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. अंडाकृती चेंडूचा, अंगावर चिलखत घालून खेळायचा हा त्यांचा धिप्पाड खेळ. विद्यापीठ खेळाडूला फी, राहणं आणि जेवण देई, हातात पैसा मात्र देत नसे. श्रीमंत विद्यापीठं गरजेपेक्षा कितीतरी जास्त पोरांना शिष्यवृत्ती देऊन ठेवत. एखादं पोरगं आपल्याकडं नुसतं बसून राहिलं तरी चालेल, शेजारच्या संघाला मिळता कामा नये, हा हिशेब. म्हणून १९७३ मध्ये तिथल्या एनसीएए या नियामक संस्थेनं मर्यादा घातली : एका संघाला १०५ शिष्यवृत्त्या. १९७८ मध्ये त्या ९५ झाल्या आणि नव्वदच्या दशकात ८५. आपल्या वस्तादांचे वीस तसे त्यांचे पंचाऐंशी. फरक एवढाच की वस्ताद दूध पुरावं म्हणून मोजतात आणि तिथं मोजणी होती ती मोठ्यानं सगळं दूध पिऊन टाकू नये म्हणून.

पंचाऐंशीच्या बाहेरची पोरंही संघात असत. त्यांना तिकडं 'वॉक-ऑन' म्हणतात, म्हणजे स्वतःच्या पायानं चालत आलेले. फी घरची, घाम संघाचा. आपल्या तालमीत घरून डबा आणणारं पोरगं असतं, तसंच.

मग १ जुलै २०२१ ला बांध फुटला. खेळाडूला आपलं नाव, चेहरा आणि ओळख विकून कमावण्याची मुभा मिळाली. त्याच्या दहा दिवस आधीच तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात एनसीएएच्या विरोधात एकमतानं निकाल दिला होता. दीड-दोन महिन्यांत एक मजेशीर गोष्ट घडली. युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या सगळ्या फुटबॉल खेळाडूंशी खाऊच्या वड्या बनवणाऱ्या एका कंपनीनं जाहिरातीचा करार केला, आणि त्यात छत्तीस वॉक-ऑन पोरांना फीएवढा पैसा मिळेल अशी व्यवस्था झाली. कागदावर शिष्यवृत्त्या पंचाऐंशीच, पण फी सुटलेली पोरं एकशेवीसच्या पुढं! नियम मोडला नाही कुणी, नुसता वळसा घातला. ज्याची जाहिरातीची कमाई फीपेक्षा मोठी, त्यानं शिष्यवृत्ती सोडली तर ती दुसऱ्याला देता येईल, हा हिशेबही लोकांनी मांडला. आमचे वस्ताद तेच तर म्हणत होते.

इथवर वाचलं तर वाटेल, चांगलंच झालं की! बाहेरच्या पैशानं जागा वाढल्या, डबेवाल्या पोरांचं भलं झालं. पण ज्या विद्यापीठाभोवती श्रीमंत चाहते आणि मोठ्या कंपन्या, त्याच्याच जागा अशा वाढणार. लहान गावच्या विद्यापीठाचे पंचाऐंशी पंचाऐंशीच राहिले. मोठ्यानं सगळं दूध पिऊ नये म्हणून घातलेली मर्यादा नावापुरती उरली. शेवटी ६ जून २०२५ ला न्यायालयानं एका मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली. तडजोडीत आलेल्या विद्यापीठांना आता खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली आणि तिच्या जागी संघाच्या एकूण संख्येची मर्यादा आली. फुटबॉलला १०५.

शिष्यवृत्त्या ८५ च्या १०५ झाल्या म्हणून आनंद मानणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. आधीच्या संघांत वॉक-ऑन धरून एकशेवीस-तीस पोरं सहज असत. आता एकशेसहावं पोरगं स्वतःच्या खर्चानंही संघात राहू शकत नाही. कितीतरी वॉक-ऑन पोरांना आपली जागा जाणार हे आधीच कळलं होतं. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी याच मुद्द्यावर तडजोड अडवून धरली आणि अशा पोरांना मोजणीबाहेर ठेवून परत घेण्याची सोय करायला लावली. परत घ्यायचं की नाही हे मात्र विद्यापीठांच्याच मर्जीवर राहिलं. ज्या पैशानं २०२१ मध्ये मागचं दार उघडलं होतं, त्याच पैशाच्या ओघात चार वर्षांनी ते बंद झालं.

आता परत आपल्या जिल्ह्यात येऊ. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरी नगरला, वाडिया पार्कवर झाली. पृथ्वीराज मोहोळ जिंकला आणि चारचाकी घेऊन गेला. कुणाला का मिळेना, पोराच्या कष्टाचं चीज झालं की मला बरंच वाटतं. २०१८ मध्ये बाला रफिक शेख आणि २०२३ मध्ये सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाले तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते हेही कबूल करतो. सिकंदरचे वडील मोहोळला हमाली करत. गदा मिळाल्यावर सत्कार करायला पुष्कळ लोक येतात. गदा मिळण्याआधीचा खुराक त्या हमालाच्या पाठीवरून आला होता.

पैसा आधी देण्याची रीत आपल्याकडं अगदीच नाही असं नाही. कागलचा शाहू साखर कारखाना आपल्या कार्यक्षेत्रातल्या मल्लांसाठी मानधन कुस्ती स्पर्धा घेतो. वयाचे आणि वजनाचे गट पाडतो आणि जिंकणाऱ्यांना मानधन देतो. लहान वयोगटातलं पोरगंही त्यात बसतं. आमच्याकडच्या हगाम्यातही पूर्वी आधी रेवडीवरच्या कुस्त्या लागत, पाच-सहा वर्षांची पोरं रेवड्यांसाठी धुळीत लोळत, आणि मानाची कुस्ती अगदी शेवटी, दिवस मावळताना लागे. अब्बांच्या खांद्यावर बसून मी ते पाहिलं आहे. आता मी पाहतो ते हगामे शेवटच्या कुस्तीच्या इनामावर ओळखले जातात. फ्लेक्सवर दोनच चेहरे असतात. रेवडीवाली पोरं हलगी वाजायच्या आत उरकून घेतात.

ठेकेदार वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्याचा पैसा खरा आहे आणि माझ्या बहिणीच्या घरी त्याची गरजही खरी आहे. पण बाहेरचा पैसा एका चेहऱ्यासाठी येतो आणि तालीम वीस तोंडांवर चालते. तो पैसा मोजणीच्या आत आणला नाही, तर आज एक जागा वाढेल आणि उद्या मोजणीच मोडेल. मग ठेकेदार म्हणेल, माझी आणखी तीन पोरं ठेवा, खर्च माझा. वस्ताद कसं नाही म्हणतील? आणि ज्या वर्षी त्याचं कंत्राट जाईल, त्या वर्षी चार पोरं दुधाविना आखाड्यात उभी असतील.

म्हणून पत्रात आभाराच्या खाली मी तीन ओळी वाढवल्या. पैसे पोराच्या हाती न देता वस्तादांकडं, तालमीच्या खात्यात द्यावेत. कबुली एका वर्षाची न ठेवता पोराच्या बारावीपर्यंतची असावी. आणि पैसा थांबला तरी भाच्याची जागा विसातच धरावी. नव्या पोराला मात्र आजपासूनच विसाच्या खुराकात घ्यावं आणि पुढं कमी पडेल ते आम्ही नातेवाइकांनी वर्गणीतून भरावं. शेवटच्या ओळीखाली मी माझी सही केली, कारण वर्गणी म्हटलं की पहिलं नाव स्वतःचं लिहावं लागतं.

भाच्यानं पत्र वाचलं. "मामू, हे आभाराचं पत्र आहे की करारनामा?" म्हणाला. दोन्ही आहे, म्हटलं. ठेकेदारानं अजून होकार कळवलेला नाही. वस्तादांनी मात्र वाट पाहिली नाही. ते एकविसावं पोरगं सोमवारपासून तालमीत आलं आहे.