दिसले तेथेच असते काय?

पेशीतले एखादे प्रथिन नेमके कोठे वावरते हे ठरवण्याचा प्रश्न आता सुटला आहे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. त्यांचा पूर्वपक्ष दुबळा नाही. प्रथिनाच्या जनुकाला जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोडावे आणि जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. चमक असेल तेथे प्रथिन. उलट पेशी फोडून तिचे घटक सेंट्रीफ्यूजमध्ये वेगळे करण्याच्या जुन्या रीतीत प्रथिने जागा सोडतात, एका अंगकाचा माल दुसऱ्याच्या थरात मिसळतो. हा आक्षेप खराच आहे. 2003 साली यीस्टमधल्या चार हजारांहून अधिक प्रथिनांची स्थाने जीएफपीनेच नोंदवली गेली, हेही खरे. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना 2008चे नोबेल मिळाले ते यथार्थच. पण चित्र दिसले की पुरावा पूर्ण झाला, हा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही.

चित्रात दिसते ते कोण? मूळ प्रथिन, की 238 अमिनो आम्लांची जोड वाहणारे प्रथिन? प्रथिनाचा पत्ता बहुधा त्याच्याच साखळीत असतो. तंतुकणिकेत जाणाऱ्या अनेक प्रथिनांत तो आरंभीच्या टोकाला असतो, तर पेरॉक्सिझोमकडे जाणाऱ्या अनेकांत अगदी शेवटच्या तीन अमिनो आम्लांत. नेमक्या त्याच टोकाला जीएफपी चिकटवले तर पत्ता झाकला जातो आणि प्रथिन पेशीद्रव्यातच राहू शकते. चित्र मात्र तितकेच सुबक येते.

ही भीती काल्पनिक नाही. ई. कोलाय जिवाणूत एमआरईबी हे प्रथिन पेशीभर लांब सर्पिल वळसे घालते, असे पिवळ्या चमकत्या प्रथिनाच्या जोडीने दिसले होते आणि ती आकृती बरीच वर्षे प्रमाण मानली गेली. 2012 साली स्वुलियस आणि जेन्सन यांनी गोठवलेल्या पेशी इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने तपासल्या. जोड लावलेल्या पेशींत सर्पिल होते. बिनजोड पेशींत नव्हते. ते जोडणीनेच निर्माण केले होते! त्याच वर्षी क्लपपी प्रथिनाच्या ठळक ठिपक्यांचेही असेच झाले: चमकणारी प्रथिने एकमेकांना चिकटतात म्हणून ते ठिपके उमटत होते. दोन्ही चुका उघड झाल्या त्या वेगळ्या तऱ्हेच्या प्रयोगांनी. तेच चित्र पुन्हा शंभरदा काढून त्या कधी उघड झाल्या असत्या?

प्रतिपिंडांनी बिनजोड प्रथिन रंगवता येते, पण त्यासाठी पेशी रसायनांनी स्थिर करावी लागते, आणि प्रतिपिंड भलत्याच प्रथिनालाही चिकटू शकतो. त्या वाटेलाही साक्षीदार लागतोच.

आता जुन्या रीतीकडे वळू. साध्या प्रकाशसूक्ष्मदर्शकाला सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. मग प्रथिन तंतुकणिकेच्या बाहेरच्या पटलावर आहे की आत, हे तो कसे सांगणार? वेगळ्या काढलेल्या अखंड तंतुकणिकांवर प्रथिने पचवणारे विकर सोडले की उघड्यावरचे प्रथिन पचते, आतले वाचते. उत्तर मिळाले. लयकारिकेचा शोधही याच रीतीने लागला. पेशी फोडून केलेल्या ताज्या द्रावात कमी दिसणारी आम्ल फॉस्फटेज या विकराची क्रिया द्राव ठेवून दिल्यावर वाढते, हे द दूव्ह यांच्या ध्यानात आले. म्हणजे विकर कोठल्या तरी पिशवीत कोंडलेले असणार. 1955 साली त्या पिशवीला लायसोझोम हे नाव मिळाले. तर्क आधी झाला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले दर्शन नंतर घडले. आणि गंमत अशी की लयकारिकेचे अंतरंग इतके आम्लधर्मी असते, की साधे जीएफपी तेथे मंदावते. म्हणजे चमक नाही म्हणून प्रथिन नाही, हेही म्हणता येत नाही.

चित्र टाकून द्या, असे मी म्हणत नाही. एकट्या चित्रावर निकाल देऊ नका, एवढेच म्हणतो. वाचकहो, निवाडा तुमचा आहे. यापुढे कोणी असे चमकते चित्र पुढे केले तर त्याला विचारा: जोड लावलेले प्रथिन मूळ प्रथिनाचे काम करते का? जोड दुसऱ्या टोकाला लावून पाहिली का? बिनजोड प्रथिनही स्वतंत्र रीतीने त्याच ठिकाणी सापडले का? उत्तरे नसतील तर ते स्थान सिद्ध झाले असे मानू नका.